बायांच्या गोष्टी

आधीच सांगून टाकते, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही. मी पी.टी.ची मॅडम आहे. मैदानाच्या अमुक कोपऱ्यात काहीतरी आहे असं पोरं म्हणाली, तर मी त्यांना त्याच कोपऱ्यावरून पाच राउंड मारायला लावते. या सदरातले अनुभव मी नियमित वाचते, पण वाचता वाचता "अॅसिडिटी असेल", "झोप झाली नसेल" असे शेरेही मारत असते. माझ्या अनुभवात अमावस्या नाही, चिंचेचं झाड नाही, पांढरी साडी तर मुळीच नाही. सोमवारची सकाळ आहे, दहा वाजलेत आणि प्रार्थनेची घंटा व्हायची आहे. ज्यांना दचकायचंय त्यांनी दुसरं पान उघडावं.

आमची शाळा वाशीम जिल्ह्यात, जऊळका आणि किन्हीराजाच्या मधे, मुख्य रस्ता सोडून थोडी आत. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. पाचवी ते दहावी, एका रांगेत आठ खोल्या. शेवटची खोली माझी. शाळेला चित्रकलेचे शिक्षक नाहीत, ग्रंथपाल तर कधीच नव्हता... त्यामुळे रुजू झाले त्याच दिवशी हेडसरांनी कला, क्रीडा आणि वाचनालय ही तिन्ही खाती माझ्या गळ्यात घातली. गळ्यात म्हणजे अक्षरशः गळ्यात, कारण त्या खोलीची किल्ली मी शिट्टीच्या दोरीलाच बांधली. खोलीत एका बाजूला लेझीम, डंबेल्स, खो-खोचे खांब आणि मैदान आखायच्या फक्कीची पोती. दुसऱ्या बाजूला रंगपेट्या, आणि अगदी आत, भिंतीला लागून, पुस्तकांचे चार लाकडी रॅक. खिडक्यांना जाळी, दार एकच.

प्रत्येक रॅकवर निळ्या ऑइलपेंटनं नाव रंगवलेलं होतं. चित्रकला. इतिहास. विज्ञान. आणि चौथ्यावर — बायांच्या गोष्टी.

मला वाटलं, वा, स्त्रीजीवनावरची पुस्तकं दिसतात. उघडून बघते तर राजपुत्र, कोल्हा, राक्षस, परी. मी हेडसरांकडे गेले तेव्हा ते पोट धरून हसले.

"किसनमामाचं काम हाय ते, मॅडम. आमचा शिपाई. गेला बिचारा चार-पाच वर्षं झाली. म्या त्याले सांगतलं होतं, बाळांच्या गोष्टी लिव. आता आपल्याकडे शाळेले शाया म्हनते अन् फळ्याले फया. बोलला तसं लिवून टाकलं त्यानं! आलेल्या हर एक पाव्हन्याले दाखोतो मी ते."

किसनमामांना मी कधी पाहिलेलं नाही. पण त्यांनी बांधलेली पुस्तकं माझ्या रोज हातात असायची. फाटलेल्या पुस्तकाला ते जुन्या युनिफॉर्मच्या निळ्या कापडाची पाठ लावायचे, मैद्याची खळ शिजवून, त्यात कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालून. एकही पाठ सुटलेली नव्हती.

आता माझ्याबद्दल एक सांगायला हवं. माझे बाबा वाशीमला मराठीचे शिक्षक होते. घरात मी "मले" म्हटलं की पाठीत धपाटा बसायचा. त्यामुळे शुद्धलेखनाची चूक दिसली की माझा हात शिवशिवतो, दुकानाच्या पाट्यासुद्धा मनातल्या मनात दुरुस्त करत मी बसमधून येते. चौथ्या रॅककडे बघून रोज माझं डोकं दुखायचं.

शनिवारी आमच्याकडे दप्तराविना शाळा असते. सकाळी आधी मैदान, मग चित्रकला, मग वाचनालय. माझ्या एक लक्षात आलं होतं की खो-खो संपला की सातवी-आठवीच्या मुली हातपाय न धुता त्या चौथ्या रॅकवर तुटून पडायच्या. सर्वांत पुढे पायल. आठवीतली, काटक, खांबाला असा सूर मारायची की मीच शिट्टी वाजवायची विसरून जायचे. तिच्याकडे 'सात विहिरींची राणी' नावाचं एक जाडजूड पुस्तक महिनाभर होतं. दर आठवड्याला परत आणून त्याच नावावर पुन्हा न्यायची. मी विचारलं, "अगं, किती हळू वाचतेस?" तर म्हणाली, "हळू नाई मॅडम, मोठ्यानं वाचतो ना." मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही.

दिवाळीच्या आधी तपासणी लागली. हेडसर म्हणाले, खोली जरा झकपक करा. मला निमित्तच पाहिजे होतं. चित्रकलेच्या तासाला अक्षरलेखन घेतलं, आणि प्रात्यक्षिक म्हणून मुलांसमोरच चौथ्या रॅकची पाटी पांढऱ्या रंगानं झाकून त्यावर काळ्या अक्षरांत लिहिलं — बाळांच्या गोष्टी. लिहिता लिहिता मामांच्या 'य'ची टिंगलही केली. सगळा वर्ग खो-खो हसला. त्या रॅकमधल्या पुस्तकांवर मामांनी 'बायांच्या गोष्टी' लिहून चिकटवलेल्या चिठ्ठ्या होत्या, त्यांच्यावरही मी डिंकानं नव्या चिठ्ठ्या लावल्या.

पायल हसली नाही. वर्ग सुटल्यावर मागे थांबली. "मॅडम, राहू द्याले पायजे होतं तसंच."

"काहून?" मीही गमतीनं तिच्याच भाषेत विचारलं.

"चांगलं वाटे," एवढंच बोलून गेली.

पुढच्या शनिवारी चौथ्या रॅकजवळ कोणी नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. आठवीच्या मुलींनी बाळांच्या रॅकमधून पुस्तक कसं घ्यायचं, पोरं चिडवतात! हे माझ्या टाळक्यात शिरायला पंधरा दिवस लागले. आणि नंतर पायल शाळेतच यायची थांबली. आमची तालुक्याची मॅच तोंडावर होती, त्यामुळे माझा स्वार्थही होता, खोटं कशाला बोलू... शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी तिचं घर शोधत वस्तीवर गेले.

पायल धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. आई, सुमनबाई, दारात बसून गोधडीला टाके घालत होत्या. मला बसायला पाट दिला, चहा टाकला, आणि मी काही विचारायच्या आत सांगून टाकलं, "आमी ऊस तोडाले जाऊन राह्यलो, मॅडम. भाऊबीज झाली का निघतो. यंदा पायललेबी नेतो. या लहानग्याले कोन पाहीन?"

"अहो पण शाळा? दरवर्षी तर ठेवता ना तिला मोठ्या काकूंकडे?"

"ठेवत होतो." त्यांनी दोरा दातानं तोडला. "आता तुमाले खरं सांगू का? हे पोरगी रोज संध्याकायी पुस्तक वाचे अन् मी आयके. बायायच्या गोष्टी हाय म्हने. मले काही वाचता येत नाई, पन शायेत बायायची पुस्तकं ठेवली हे आयकून बरं वाटलं. म्हनलं, या शायेत आपलंबी काहीतरी हाय. पोरीचे भांडे मी घासून टाको, पन तिले वाचू देवो. मंग एक दिवस घरी आली अन् रडून राह्यली. म्हने, माय, ते बायायचं नाई, लेकरायचं हाय, मॅडमनं सांगतलं, सारे हासले." त्या स्वतःही थोडं हसल्या. "मलेबी लाज वाटली, बापा. इतके दिस मी लेकरायच्या गोष्टी आयकत होती! मंग म्हनलं, असं हाय तं कायले पायजे ते वाचनं. चाल माह्या संगं."

मी अर्धा चहा तसाच ठेवून उठले. निघताना त्या मागून हळूच म्हणाल्या, "त्या रानीनं पाचव्या विहिरीत काय पाह्यलं, तुमाले मालूम हाय का?"

मला मालूम नव्हतं. मी ते पुस्तक वाचलंच नव्हतं. फक्त त्याच्यावरची चिठ्ठी बदलली होती.

दुसऱ्या दिवशी शनिवार. तास संपले, मुलं गेली, आणि मी चौथ्या रॅकसमोर उभी राहिले. पुन्हा पुसून पूर्वीसारखं करावं असं अगदी मनात आलं. पण सोमवारी तपासणी, आणि अधिकारी विचारणार हे काय अशुद्ध... चूक ती चूक, असं बाबांचं वाक्य डोक्यात. मी वैतागून त्या पाटीला मोठ्यानं म्हणाले, "मामा, चूक तुमची, सुधारली मी, आणि निस्तरायचं त्या पोरीनं. आता तुम्हीच काय ते बघा." हे मी म्हटलं, यात शंका नाही. रागात मी खांबांशीसुद्धा बोलते.

वळून निघाले आणि घाईत फक्कीच्या पोत्याला पाय लागला. पोतं आधीच उसवलेलं होतं. दारापासून रॅकसमोरच्या टेबलापर्यंत सगळी जमीन पांढरी झाली. बस गाठायची होती, झाडायला वेळ नव्हता. त्या फक्कीतूनच बाहेर आले, माझ्या स्पोर्ट शूजचे ठसे मागे उमटलेले मी पाहिले, आणि सोमवारी लवकर येऊन झाडू असं ठरवून कुलूप लावलं. ओढून पाहिलं. किल्ली गळ्यात.

सोमवारी दहाच्या आत पोचले. कुलूप जसंच्या तसं. दार उघडलं आणि पहिल्यांदा काय जाणवलं असेल तर वास. शिजलेल्या मैद्याचा. ताज्या, कोमट खळीचा. खाली फक्की तशीच पसरलेली, तिच्यावर शनिवारचे माझे ठसे, आतून बाहेर येणारे. दुसरा एकही ठसा नाही. उंदराचासुद्धा नाही. त्या फक्कीवर पाय न देता रॅककडे जाताच येत नाही, मी नंतर लांब उडी मारणाऱ्या पोराला उभं करून अंतर तपासलं.

चौथ्या रॅकवर निळ्या रंगात लिहिलेलं होतं — बायांच्या गोष्टी.

मला आधी वाटलं, माझा रंग कच्चा निघाला, पोपडा पडला आणि खालचं वर आलं. मी नखानं एका अक्षराचा कोपरा खरवडला. वर निळा, त्याच्या खाली माझा काळा, त्याच्या खाली माझा पांढरा, आणि सर्वांत खाली जुना निळा. म्हणजे माझ्या रंगावर कोणीतरी नव्यानं लिहिलं होतं. बोट लावलं तर किंचित ओलं होतं. आमच्या खोलीत निळ्या ऑइलपेंटचा एकच डबा होता, मामांच्या वेळचा, आणि तो दगडासारखा वाळलेला. आजही आहे.

टेबलावर माझ्या चिठ्ठ्यांची चळत नीट रचून ठेवलेली. सगळ्या. डिंकानं लावलेली चिठ्ठी न फाडता काढून बघा कधी... यातली एकही फाटलेली नव्हती.

खरं सांगू? भीती वाटली नाही. मला स्वतःचं नवल वाटतं, पण त्या खोलीत त्या क्षणी इतकं निवांत वाटलं की मी तिथेच पोत्यावर बसले. आई स्वयंपाकघरात आहे हे आवाजावरून कळावं आणि आपण बाहेर निर्धास्त खेळत राहावं, तसं. मग भानावर येऊन हेडसरांना हाक मारली.

दुसरी किल्ली त्यांच्या कपाटात असते, म्हणून पहिला संशय त्यांच्यावर. ते रविवारी आख्खा दिवस अकोल्याला लग्नात होते, फोटोही दाखवले. पाटी बघून त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मॅडम, हे अक्षर किसनमामाचं हाय," ते म्हणाले. "अन् निळा रंग आनाचा म्हनलं तं मले वाशीमले जा लागते. कायले करू मी हे?" आम्ही दोघांनी पहिल्या रॅकवरच्या 'चित्रकला'शी ताडून पाहिलं. तोच ओघ, शिरोरेघ तशीच उजवीकडे थोडी चढलेली.

पुन्हा झाकायला वेळ नव्हता, तपासणीची गाडी फाटकात आली होती. साहेब खोलीत शिरले, सगळं पाहत पाहत चौथ्या रॅकशी थांबले आणि मोठ्यानं वाचलं. हेडसरांच्या कपाळावर घाम.

"अरे वा," साहेब म्हणाले. "बायांच्या गोष्टी! आयांसाठी वेगळा कप्पा? छान कल्पना आहे. शनिवारी बोलावता का त्यांना?"

मी काही बोलायच्या आत हेडसर, "हो साहेब. उपक्रमच आहे तो. मॅडमनी सुरू केलाय." किती सहज! मी त्यांच्याकडे बघतच राहिले. साहेबांनी फोटो काढला, अधिकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला, आणि उपक्रम सुरू झाला.

त्या शनिवारी सहा बाया आल्या. सुमनबाईंना मी स्वतः जाऊन आणलं. त्या आत आल्या आणि रॅकसमोर उभ्या राहिल्या. पायलला विचारलं, "कोठी लिवलं हाय?" पायलनं त्यांचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं. "बा. यां. च्या." सुमनबाईंनी बोट मागे नेलं आणि एकट्यानं पुन्हा फिरवलं. मग माझ्याकडे वळून बघितलं.

"मॅडम, तुमी तं लेकरायच्या म्हनलं होतं?"

"चुकलं माझं," मी म्हणाले. आयुष्यात हे वाक्य मी फार वेळा म्हटलेलं नाही.

"मंग हे आपलंच हाय," त्या पायलला म्हणाल्या. बाकीच्या बायांकडे पाहून जरा मोठ्यानं पुन्हा म्हणाल्या. आणि जाताना दारात, चपला घालता घालता, अगदी बाजाराचं सामान सांगावं तसं सांगितलं, "पायल राहीन काकूपाशी. लहानग्याले म्या पाहीन कसंबी."

भाऊबीजेनंतर ते गेले. पायल राहिली. तालुक्याची मॅच आम्ही जिंकलो, फायनलला तिनं शेवटचे तीन गडी बाद केले. रोज संध्याकाळी आईचा फोन यायचा आणि ती 'सात विहिरींची राणी' वाचून दाखवायची. तिकडे ऊसतोडीवाल्यांच्या झोपड्यांत, कोप्यांवर, सुमनबाई स्पीकर लावायच्या, दिवसभर ऊस तोडून आलेल्या आणखी चार-पाच बाया भोवती बसायच्या. एकदा मी काकूंच्या घरी होते तेव्हा मीही ऐकलं. पायल एका ओळीवर थांबली तर फोनमधून तीन-चार आवाज एकदम आले, "थांबू नोको, थांबू नोको, मंग?" मला इतका आनंद झाला की घरी येईपर्यंत पुरला.

एवढंच असतं तरी मी हे लिहिलं असतं. पण एप्रिलमध्ये पुस्तकांची पडताळणी आली. त्यासाठी मी पहिल्यांदाच जुनी दाखल नोंदवही काढली, शाळेत आलेलं प्रत्येक पुस्तक जिच्यात लिहितात ती. बरीच वर्षं ती मामांच्याच हातची. मी एकेक ओळ वाचत रॅकशी जुळवत होते. खेळ. फळझाडे. काळी जमीन. जवळजवळ प्रत्येक पानावर 'शाळा'. आणि एका ओळीत, आरोग्याच्या एका पुस्तकापुढे, सुबक अक्षरात — बाळ.

मामांना ळ येत होता.

मी पानं उलटत राहिले. एकाही ठिकाणी चुकलेला नव्हता. मी वही तशीच उचलून हेडसरांकडे नेली. त्यांनी दोन पानं वाचली, तिसरं उलटलं, आणि वही मिटून ठेवली. "अन् आपन इतके वर्षं हासत होतो, मॅडम," ते म्हणाले. "त्याच्या समोर हासत होतो. तोबी हासे आमच्या संगं."

फक्कीवरून कोण गेलं, वाळलेल्या डब्यातून रंग कसा आला, खळ कुठे शिजली... याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. शोधायचं होतं तेवढं शोधलं. तुमच्याकडे असेल तर जरूर कळवा, फक्त अॅसिडिटी म्हणू नका. सुमनबाई परत आल्या आहेत. आल्या त्याच शनिवारी दुसरं पुस्तक घेऊन गेल्या, स्वतः निवडून, पाठीच्या निळ्या कापडावरून हात फिरवून.

हे सगळं मी बाबांना फोनवर सांगितलं. वाटलं, भूत-बीत काही नसतं म्हणून रागावतील. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, आणि पाटीवर नेमकं काय लिहिलं होतं ते मला दोनदा म्हणायला लावलं.

"बायांच्या गोष्टी," मी म्हणाले.

"अगं, मग शुद्धच आहे की ते," बाबा म्हणाले. "तुला त्यात चूक दिसली कुठे?"